दुपारी बारानंतरचा एक जुलै

परत आल्यापासून शाळेतल्या बायका मला एकच विचारतात, ‘बाई, सोनं किती आणलं?’ सोनं काही आणलं नाही. पण बहरीन पाहिलं, आणि तिथं एक दिवस असा पाहिला की त्याची हकीकत सगळ्यांना एकदा नीट सांगावी म्हणून लिहायला बसले.

मी करमाळ्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी आणि दुसरी माझी धाकटी बहीण अश्विनी. ती लग्न करून बहरीनला गेली आणि मी सोलापूरच्या पुढंही फारशी गेले नव्हते. या जूनमध्ये रजा टाकून निघाले ती तिच्या बाळंतपणासाठी. आईचे गुडघे धरलेले, तिला विमान झेपणारं नव्हतं. म्हणून आईची जागा मी घेतली.

माझा मेहुणा निलेश याने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं, ‘ताई, काहीही आणा, खसखस आणू नका. इकडं तिला अफूच्या जातीची म्हणून बंदी आहे.’ आईनं बिनखसखशीचे डिंकाचे लाडू वळले आणि प्रत्येक घाण्याला ‘चवीला काय राहिलं यात’ म्हणून हळहळली. विमानतळावर नेमका तोच डबा उघडायला लावला. अधिकारी तरुण होता. त्यानं एक लाडू उचलून वास घेतला आणि काहीतरी विचारलं. मी घाबरून ‘सिस्टर, बेबी’ म्हणत हातानं पोट दाखवलं. त्यानं माझ्या पोटाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं पाहिलं, आणि लगबगीनं माझ्यासाठी खुर्ची ओढली! शेजारच्या टेबलावरच्या बाई अधिकाऱ्याला माझं म्हणणं कळलं, ती हसत सुटली. तिनं डबा बंद करून माझ्या हातात दिला. ‘मबरूक,’ म्हणाली, म्हणजे अभिनंदन. मग ‘यल्ला, यल्ला’ म्हणून दाराकडं हात केला. मला वाटलं रागावली. ‘चला, निघा’ असा त्याचा अर्थ, हे निलेशनं गाडीत सांगितलं.

सनद

अश्विनीचं घर सनदला. जुनं गाव आणि नव्या इमारती तिथं एकमेकांत मिसळलेल्या आहेत. तिच्या खिडकीतून खजुराची चार झाडं, एका मशिदीचा मिनार आणि एक भट्टीवाला दिसतो. सकाळी भट्टीतून परातीएवढ्या पोळ्या निघतात, लोक त्या कागदात गुंडाळून नेतात. मला आधी वाटलं, या बायका घरी पोळ्या करत नाहीत की काय? मग दोन दिवसांनी मीच रांगेत उभी राहू लागले. बाहेर ऊन असं की डोळे उघडे ठेवणं कष्टाचं. करमाळ्याचं ऊन मला नवं नाही, पण ते कोरडं. इथं समुद्राची दमट वाफ त्यात मिसळते आणि दार उघडलं की चष्म्यावर धुकं येतं.

वरच्या मजल्यावर रुखसानाभाभी राहतात. रत्नागिरीकडच्या. त्यांचे यजमान राजधानीत, मनामात, कापडाच्या दुकानात हिशेब बघतात. पहिल्याच दिवशी त्या सांदणं घेऊन आल्या.

‘हीच काय तुझी ताई? तुझ्यासारकीच वाळकी गो!’ अश्विनीला म्हणाल्या. मग मला, ‘आता तुम्ही आलात, मी सुटले. ही माझं काय एक ऐकत नाय. खायला सांगितलं की साखर वाढते म्हणते. साखर वाढते तर वाढू दे, तू पण वाढ.’

अश्विनी हसली, पण नुसती ओठांनी. ती मनापासून का हसत नाही हे मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी अश्विनीला मुलगा झाला होता. पूर्ण दिवसांचा. पोटातच गेला होता. तारीख होती एक जुलै. तेव्हा माझ्याकडं पासपोर्टही नव्हता. मी इकडून फोनवर रडले, ती तिकडं रडली. नंतर आमच्या घरात त्या बाळाचा विषय कुणी काढला नाही. आई म्हणायची, बोलून तिला त्रास कशाला. आणि आता हे दुसरं बाळ जुलैच्याच पहिल्या आठवड्यात येणार होतं.

मी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई केरळच्या, स्वच्छ हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, कागद पाहिले आणि म्हणाल्या, ‘बाळ छान आहे. पण तुझी साखर वर आहे, आणि मागचा अनुभव आहे. मी थांबणार नाही. ऑपरेशन करू. एक तारखेला टेबल रिकामं आहे.’

अश्विनीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. ‘एक नको. तीन चालेल. चार चालेल.’

‘का?’

निलेशनं खाली मान घालून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘मला समजतं गं. पण दोन दिवस जास्त थांबून काही झालं तर मी स्वतःला काय सांगू? उद्या संध्याकाळपर्यंत कळव. माझं मत मात्र एकच.’

घरी आलो आणि फोनांवर फोन सुरू झाले. निलेशच्या आईचं म्हणणं, तो दिवस सोडून कुठलाही घ्या. आमच्या आईनं मात्र भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं होतं.

‘अगं, एक तारीख काय घेऊन बसलीस? तिथीनं बघितलं तर तो दिवस एक तारखेच्याही पुढं आठवड्यानं आहे. आपण तिथी मानतो. एक जुलै हा तो दिवसच नाही.’

‘माझ्या पोटाला तिथी कळत नाही, आई,’ अश्विनी म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत गेली.

मी दाराशी उभी राहून म्हटलं, ‘अशू, डॉक्टर सांगतायत तर ऐकायला पाहिजे.’

‘मला कळतंय गं ताई. पण त्या दिवशी सकाळी त्याच दारातनं आत जायचं, त्याच पलंगावर झोपायचं. आणि हे बाळ आलं की सगळे पेढे वाटणार. मग त्याचा दिवस कुठं जाणार? तेवढा एकच दिवस आहे त्याच्याजवळ.’

तिला भीती आहे एवढंच मी धरून चालले होते. ती त्या बाळाची जागा राखून बसली आहे, हे मला तेव्हा कळलं.

जनाबिया

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी म्हणाली, ‘चल, माझी नर्सरी दाखवते. डोरीननं बोलावलंय.’ घरात बसून दोघींचाही जीव घुसमटत होता.

जनाबिया हा बंगल्यांचा भाग. उंच भिंतींच्या आत आठ-दहा बंगले, मध्ये पोहण्याचा तलाव, दारावर पहारेकरी. वाटेवर एका चढावरून समुद्रातला लांबच लांब पूल दिसला. तो थेट सौदीला जातो. अशाच एका आवारातल्या बंगल्यात डोरीनबाईंची नर्सरी आहे आणि अश्विनी तिथं दीड वर्ष शिकवते आहे. डोरीनबाई कॅनडाच्या. साठीच्या, उंच, पांढरे केस पोरासारखे कापलेले. त्यांनी मला मिठीच मारली. आमच्याकडं नमस्कार-चमत्काराच्या पुढं कुणी जात नाही, मी लाकडासारखी ताठ उभी राहिले.

मुलांना सुट्टी लागली होती. मोठ्या खोलीत लाल कागदाची पानं टांगलेली, आणि डोरीनबाई शिडीवर चढून भिंतीवर काही चिकटवत होत्या. एक जुलै हा कॅनडाचा वाढदिवस, आणि आसपासची कॅनडाची कुटुंबं त्या दिवशी दुपारी इथं जमणार होती. मला गंमत वाटली. आमच्या शाळेत निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जून असतो, कारण आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच लिहायचे. माझाही एक जूनच आहे. या देशाचीही तारीख कुण्या गुरुजींनीच घातली की काय, असं मी म्हटलं. अश्विनीनं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा डोरीनबाई शिडीवरून पडता पडता राहिल्या. ‘अगदी तसंच झालं!’ त्या म्हणाल्या. ‘आणि ते गुरुजी लंडनला बसले होते, राणीच्या दरबारात.’

आम्ही त्यांना मदत करू लागलो. भिंतीवर लावायच्या, चौकोनांत मांडलेल्या मजकुराला मथळा होता फक्त ‘एक जुलै’. मी तो हातात घेतला आणि ओळखलं, हा तर आपला दिनविशेष! आमच्या शाळेच्या फळ्यावर मी रोज सकाळी लिहिते तसाच. वाचता वाचता अडेल तिथं अश्विनी सांगत होती. १८६७ साली या दिवशी चार प्रांत एकत्र येऊन कॅनडा नावाचा देश झाला. १८७३ साली याच दिवशी एक लहानसं बेट त्यात सामील झालं. १९६०ला तिथल्या मूळ रहिवाशांना आपली ओळख न सोडता मत देण्याचा हक्क मिळाला, तोही याच तारखेपासून. १९८०ला राष्ट्रगीत कायद्यानं राष्ट्रगीत झालं, पुन्हा एक जुलै. इथवर सगळं आनंदाचं. पण मधे दोन चौकोन वेगळे होते. १९२३ साली याच दिवशी चिनी लोकांना देशात येण्याची बंदी करणारा कायदा लागू झाला; पुढं कित्येक वर्षं तिथले चिनी लोक या दिवशी दुकानं बंद ठेवत आणि उत्सवात जात नसत. आणि १९१६चा चौकोन होता एका लढाईचा. त्याच्याभोवती डोरीनबाईंनी निळी फुलं काढली होती.

‘समारंभाच्या दिवशी हे दोन कशाला?’ मी विचारलं.

‘इथल्या काही जणांनीही तेच विचारलं,’ त्या म्हणाल्या. ‘पण तारीख एकच आहे ना? मी त्यांना कुठं हलवू?’

अश्विनीनं हे मला मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला. डोरीनबाई शिडीवरून उतरल्या. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ‘गेल्या वर्षी एक जुलैला तू आजारी आहेस म्हणून कळवलंस. मी काही विचारलं नाही. आता विचारू?’

अश्विनीनं सांगून टाकलं. बाळाचं, तारखेचं, डॉक्टरांचं, संध्याकाळपर्यंत द्यायच्या उत्तराचं. डोरीनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सावकाश जे सांगितलं ते अश्विनीनं मला नंतर पुन्हा सांगितलं, म्हणून मी ते लिहू शकते.

त्या न्यूफाउंडलंड नावाच्या बेटावरच्या, मासेमारीच्या गावातल्या. १९१६ साली ते बेट कॅनडात नव्हतं. त्यांची स्वतःची पलटण फ्रान्समध्ये लढायला गेली. एक जुलैच्या सकाळी आठशेच्या आसपास जवान खंदकातून निघाले. दुसऱ्या दिवशी हजेरीला अडुसष्ट होते. डोरीनबाईंच्या आजीचा थोरला भाऊ त्या सकाळी गेला. पुढं १९४९ साली बेट कॅनडात आलं आणि पंचाईत झाली. सगळा देश ज्या दिवशी नाचतो तोच यांचा सुतकाचा दिवस.

‘मग तुम्ही काय केलं?’ अश्विनीनं विचारलं.

‘दिवस वाटून घेतला,’ डोरीनबाई म्हणाल्या. दुपारपर्यंत झेंडे अर्ध्यावर. कोटाला निळं फूल. लोक स्मारकापाशी जातात. दुपारनंतर झेंडे वर चढतात, आणि मग केक, गाणी, सगळं. ‘मी लहान असताना आजीला विचारलं होतं, आता रडायचं नाही का? ती म्हणाली, सकाळ त्याची होती. दुपार तुझी आहे. जा, खेळ.’

पंख्याच्या वाऱ्यानं लाल पानं हलत होती. अश्विनीनं उठून त्या निळ्या फुलांवरून बोट फिरवलं. मी मास्तरीण असूनही तेव्हा काही बोलले नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

संध्याकाळी निलेश अस्करहून आला. तिथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात तो देखभालीचं काम बघतो. बूट काढायच्या आत अश्विनीनं त्याला विचारलं, ‘तुम्ही त्याला कुठं ठेवलंत?’

तो बुटांसकटच खुर्चीवर बसला. दोन वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं. मग त्यानं सांगितलं. शहराबाहेर लहान मुलांना माती देतात ती जागा, आत शिरल्यावर डाव्या हाताला भिंतीशी. रुखसानाभाभींचे यजमान बरोबर होते.

‘मला जायचंय. एक तारखेला सकाळी.’

आता दचकायची पाळी माझी होती. पोटुशीनं अशा जागी जायचं नसतं, हे मला लहानपणापासून सांगितलेलं. आईला कळलं असतं तर ती करमाळ्याहून चालत आली असती. पण माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच काहीतरी ठरलेलं पाहत होते. मी म्हटलं, ‘गाडीतून उतरायचं नाही. दारापाशी थांबायचं. मी शेजारी बसते. आणि आईला आत्ता सांगायचं नाही.’

‘चालेल,’ ती म्हणाली आणि तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ‘एक तारीख चालेल, डॉक्टर. पण दुपारी बारानंतर.’

पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘तुम्ही महाराष्ट्राचे लोक! पंचांगात मुहूर्त काढला वाटतं?’

मी फोनमध्ये तोंड घालून म्हटलं, ‘हो डॉक्टर, पण पंचांग न्यूफाउंडलंडचं आहे.’

त्यांना काही कळलं नसावं. पण त्यांनी दुपारची वेळ दिली.

एक जुलै

सकाळी लवकर निघालो. आदल्या संध्याकाळी निलेशनं मनामातल्या देवळाजवळून मोगऱ्याचे गजरे आणले होते. गाडीत तोच वास. रस्ते रिकामे, आकाश धुळीनं पांढरं, सूर्य वर येऊनही नजरेला न दिसणारा. त्या जागेच्या दाराशी निलेशनं गाडी झाडाखाली लावली, एसी चालू ठेवला आणि एकटा आत गेला. काचेतून तो भिंतीशी वाकलेला दिसत होता.

अश्विनीनं पोटावर हात ठेवला होता. ती रडली, पण दोन वर्षांपूर्वी फोनवर ऐकलं होतं तसं नाही. सावकाश, पुरेसं. मग काचेला बोट टेकवून म्हणाली, ‘बाळा, दुपारी तुझ्या पाठचं येतंय. जागा तुझी तुलाच आहे हं.’

निलेश परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हात मातीनं भरलेले. मी पाण्याची बाटली त्याच्या हातावर ओतली. त्या उष्म्यात पाणी जमिनीला लागताच वाळत होतं.

बारा वाजून गेल्यावर तिला आत नेलं. ऑपरेशनला अर्धा-पाऊण तास लागेल असं सांगितलं होतं. त्याहून जास्त झाला तरी कुणी बाहेर येईना. रुखसानाभाभी जपमाळ ओढत बसल्या होत्या. निलेश भिंतीला टेकून उभा. मी येणाऱ्या प्रत्येक परिचारिकेकडं पाहत होते आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते शोधत होते. कळत काहीच नव्हतं. ‘मीच तिला सकाळी नेलं,’ एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

‘काय ताई, ओठ चावून काय होणार?’ भाभी म्हणाल्या. ‘इंशाल्ला सगळा ठीक होल.’

आणि दाराआडून रडणं ऐकू आलं. बारीक नव्हे, चांगलं खणखणीत. भाभींनी माझा दंड इतका आवळला की पुढं दोन दिवस तिथं निळं होतं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला. ‘मुलगी. दोघी छान आहेत. भूल चढायला थोडा वेळ लागला, एवढंच.’ मुलगा की मुलगी हे तिकडं आधी विचारलं तर सांगतात, पण अश्विनीनं विचारलंच नव्हतं. निलेश सरळ फरशीवर बसला, पाय पसरून, लहान मुलासारखा. ‘खलास,’ तो म्हणाला, ‘आता मला काही नको.’

मला एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पिशवीत बाळंतिणीचे डिंकाचे लाडू होते. मी ते भाभींना आणि निलेशला दिले आणि स्वतः तीन खाल्ले. खसखशीवाचून चवीला काही कमी नव्हतं.

तासाभरानं डोरीनबाई आल्या, लाल शर्ट घातलेल्या, हातात झाकलेली ताटली, तिच्यात समारंभाच्या केकचा तुकडा. अश्विनी ग्लानीत होती. बाळाकडं बघून त्या एवढंच म्हणाल्या, ‘वेळेवर आली.’

बारसं

बाराव्या दिवशी सनदच्या त्या घरात बारसं झालं. पाळणा भाड्यानं मिळाला नाही म्हणून रुखसानाभाभींनी स्वतःच्या नातवाचा वर ठेवलेला काढून दिला. त्याला मी अश्विनीच्या साडीची झालर लावली. नाव कानात सांगायला आत्या लागते आणि निलेशची बहीण नाशिकला. तेव्हा डोरीनबाईंना आत्या करायचं ठरलं. ‘कुर्र’ कसं करायचं ते मी त्यांना स्वयंपाकघरात शिकवलं. त्या इतक्या मनापासून सराव करत होत्या की भाभी म्हणाल्या, ‘बाई, पोर हाय ती, कोंबडी नाय.’

आई फोनच्या पडद्यावर होती, नवं लुगडं नेसून. पाळण्याचं गाणं तिनंच तिकडून म्हटलं. मग सगळ्या बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या आणि मी डोरीनबाईंना म्हटलं, ‘सांगा आता नाव.’

‘थांबा,’ अश्विनी म्हणाली. ‘आधी एक नाव ठेवायचं राहिलंय.’

कुणालाच काही कळेना. निलेशला मात्र कळलं. तो तिच्या जवळ जाऊन उभा राहिला. तिनं मोकळ्या पाळण्याच्या दोरीला हात लावला आणि म्हणाली, ‘मोठ्याचं नाव ईशान. मी तेव्हाच ठरवलं होतं, कुणाला सांगितलं नाही.’ मग मांडीवरच्या पोरीकडं पाहून, ‘आणि ही ईशानची बहीण, मुक्ता.’

मी फोनकडं पाहिलं. मला आईची भीती वाटत होती. गेलेल्या मुलाचं नाव बारशाच्या पाळण्यापाशी घेतलेलं आमच्याकडं कुणी पाहिलेलं नाही. आई पदरानं डोळे पुसत होती.

‘घे गं, घे त्याचं नाव,’ ती म्हणाली. ‘आमच्यानं दोन वर्षं ते झालं नाही. आता मोठ्यानं घे, इकडं नीट ऐकू आलं नाही.’

अश्विनीनं ते पुन्हा घेतलं, मोठ्यानं.